ईमेल एलियास: सीईटीच्या फॉर्मला कुठला पत्ता, खरेदीला कुठला?

निपाणीकर
घरात सगळ्यांना मिळून एकच जीमेल आहे. मुलीचे केईए (कर्नाटकची प्रवेश परीक्षा घेणारी संस्था) आणि महाराष्ट्र सीईटी सेलचे फॉर्म, बँक, गॅस, कपड्यांची खरेदी, क्लासचे डेमो, सगळं त्यावरच. क्लासच्या आणि कर्जाच्या जाहिरातींत कामाची मेल बुडून जाते. एलियास सेवा, म्हणजे खऱ्या पत्त्याऐवजी द्यायला दुसरा पत्ता देणारी, घ्यायचं मनात आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता द्यायचा का? फुकटात भागतं का? आणि जीमेलच्या पत्त्यात + लावला (नाव+kharedi@gmail.com असा) तर तेच काम होत नाही का?

टिळकवाडी_०६
+ ने मेल वेगळी करता येते, पत्ता लपत नाही. + पासून @ च्या आधीपर्यंतचा मजकूर खोडला की मूळ पत्ता हातात येतो, आणि अख्ख्या यादीतून तो खोडायला एका ओळीचा प्रोग्रॅम पुरतो. शिवाय बरेच फॉर्म + चिन्ह घेतच नाहीत. मधे टिंब टाकूनही उपयोग नाही, जीमेल टिंबं धरतच नाही.

एलियास म्हणजे पूर्ण वेगळा पत्ता. त्यावर आलेली मेल सेवा तुमच्या जीमेलला पोचवते, समोरच्याला जीमेल कळत नाही. त्रास सुरू झाला की तेवढा एक बंद करायचा. क्लासला दिलेल्या पत्त्यावर कर्जाची मेल आली, की यादी कुठून फुटली ते लगेच कळतं. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा.

फुकटात सिंपललॉगिन १० एलियास देतं (२०२२ पासून ते प्रोटॉनकडे आहे), फायरफॉक्स रिले ५, डकडकगो हवे तितके. मेल उघडली की पाठवणाऱ्याला खबर देणारी अदृश्य चित्रंही डकडकगो काढून टाकतं. मात्र तिथे नवा पत्ता त्यांच्या ब्राउझरमधून किंवा एक्स्टेन्शनमधूनच (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) निघतो. घरातल्या सगळ्यांना एकाच जागी एलियासची यादी बघायची असेल तर सिंपललॉगिन बरं.

खानापूर_तालुका
प्रत्येक ठिकाणी मुळीच नको. केईए, सीईटी सेल, बँक, आधार, पॅन, डिजिलॉकर, इन्कम टॅक्स, इथे एलियास देऊ नका. मधे तिसरी कंपनी बसते. तिचा सर्व्हर अडला किंवा तुमचं तिथलं खातं बंद पडलं, तर ओटीपी आणि पासवर्ड बदलायची लिंक दोन्ही अडकतात. सीमाभागातल्या उमेदवारांच्या जागांसाठी अर्ज असेल तर कागदपत्रांत त्रुटी निघाल्याचा निरोप येतो आणि दुरुस्तीला मुदत थोडी असते. एक मेल हुकली की फेरी गेली.

मुलीच्या नावाने वेगळं जीमेल काढा आणि ते फक्त प्रवेश आणि सरकारी कामाला ठेवा. रिकव्हरी नंबर घरचाच द्या. ऑनलाइन सेंटरमध्ये फॉर्म भरत असाल तर सबमिटच्या आधी ईमेलचा रकाना स्वतः वाचा. घाईत सेंटरचाच पत्ता टाकला जातो आणि मग पासवर्डची लिंक कायम तिकडेच जाते.

एलियास द्यायचे ते खरेदी, डेमो क्लास, वेबिनार, पीडीएफ डाउनलोड, दुकानातलं ई-बिल यांना. १० पुरतात.

चिकोडी_नेटवर्क
वरच्या दोघांशी सहमत. आता बिघाड कुठे होतो ते:

जीमेलची १५ जीबी भरली की मेल परत फिरते. अशा मेल वारंवार परत गेल्या की सिंपललॉगिन तो एलियास आपोआप बंद करतं. फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जातो, म्हणून आधी जागा मोकळी करा.

पुढे पाठवलेली मेल जीमेल कधीकधी स्पॅममध्ये टाकतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर करा, 'टू'च्या रकान्यात एलियास लिहा आणि 'स्पॅममध्ये कधीही पाठवू नका' यावर खूण करा.

'गूगलने साइन इन करा' हे बटण दाबलंत तर साइटला खरा जीमेल पत्ताच जातो. एलियास वापरायचा तर पत्ता आणि पासवर्ड हाताने टाकूनच खातं उघडा.

काही साइट एलियासचं डोमेन (@ नंतरचा भाग) ओळखून नाकारतात. अशा वेळी सेवेच्या यादीतलं दुसरं डोमेन निवडून बघा.

आणि एलियास सेवेच्या खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावाच, रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. ते खातं दुसऱ्याच्या हाती पडलं तर सगळे पत्ते त्याच्याकडे वळतात.

निपाणीकर
खूप मदत झाली. क्लासच्या मेलला उत्तर द्यायचं झालं तर जीमेल दिसेल का?

चिकोडी_नेटवर्क
सिंपललॉगिनमधून आलेल्या मेलला साधं रिप्लाय करा. तिथे क्लासच्या पत्त्याऐवजी एक लांबलचक 'रिव्हर्स एलियास' दिसेल, तो बदलू नका. तो खोडून क्लासचा खरा पत्ता टाकलात तर मेल थेट जाईल आणि जीमेल उघडं पडेल. उत्तर नोंदवलेल्या जीमेलवरूनच द्या, दुसऱ्या खात्यावरून दिलेलं सेवा स्वीकारत नाही. पाठवण्याआधी जीमेलची सही तपासा: खाली नाव आणि मोबाइल नंबर असेल तर तो तसाच जातो.

टिळकवाडी_०६
मोबाइलचं निघालंच आहे म्हणून: एलियासने जाहिरातींचे फोन थांबत नाहीत. त्यासाठी १९०९ वर 'स्टार्ट ०' इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत एसएमएस करा.