वारली चित्र काढण्याचा अधिकार कोणाचा?

मूळ धागा

मागच्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत वारली चित्रांचे एक दिवसाचे शिबिर झाले. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायचे, वर एक वर्तुळ, हातापायांच्या रेषा, की झाला माणूस, असे मुलांना शिकवण्यात आले. तिने घरी आणलेल्या कागदावर मधोमध नक्षीदार चौकट होती आणि चौकटीत देवीची आकृती होती. ही पालघाट देवी, वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर हा चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवासिणींनी चौक काढायचा, धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हणत देवांना बोलवायचे, ही एक सलग कृती आहे. त्यातला आकार तेवढा उचलून पडद्यावर, चादरीवर, कपबशीवर छापला की हाती उरते ती निव्वळ नक्षी. माझे मत स्पष्ट आहे. ‘वारली’ हे नाव लावून चित्रे विकण्याचा अधिकार त्या समाजालाच असावा आणि चौक तर कोणीच विक्रीसाठी काढू नये.

प्रतिसाद १

आपली तळमळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. आपण सांगता तो नियम पाळला गेला असता, तर आज आपल्याला वारली चित्र ठाऊकच नसते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना त्यांनी कागद आणि रंग दिले. म्हशे पुरुष होते. जे काम सवासिणींचे ते त्यांनी केले, तेही लग्नासाठी नव्हे, मनात येईल तेव्हा. मासेमारी, भातशेती, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती फिरणारा नाच असे सगळे जगणे त्यांनी चौकाच्या बाहेर आणून मोकळ्या जागेत मांडले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होती आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. परंपरा मोडूनच त्यांनी ती जगापुढे नेली. मग शहरातल्या मुलीने दोन त्रिकोण जोडले, तर तिला कोणत्या तोंडाने अडवायचे? शिकण्यावर जातीचा किंवा जमातीचा पहारा बसवणे मला धोक्याचे वाटते, कारण उद्या तोच पहारा वारली मुलांना तैलरंगापासून आणि अमूर्त चित्रापासून दूर ठेवायला वापरला जाईल.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट सहज ओलांडली गेली, ती मी थांबून सांगते. हेच कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७ च्या दुष्काळात, हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून बिहारमध्ये मिथिलेला गेले होते. तिथेही भिंतीवरचे चित्र कागदावर आले, पण तिथे नाव झाले ते मुख्यतः बायकांचे. डहाणूत चित्र कागदावर आले आणि बाईच्या हातातून निसटले. म्हशे यांचे मोठेपण मला पूर्ण मान्य आहे, त्यांच्या रेषेतली हालचाल पाहताना आजही भान हरपते. पण ‘परंपरा मोडली’ असे कौतुकाने म्हणताना, ज्या सवासिणींनी पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळली, त्यांची नावे कोणत्या दालनात लागली, हेही विचारायला हवे. कोणाला अडवायचे, यापेक्षा हा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो.

प्रतिसाद ३

मी डहाणू तालुक्यातला, वारली समाजाचा. माझ्या घरात तिघेजण चित्रे काढतात. धागा सुरू करणाऱ्या ताईंना नम्रपणे सांगतो की आमच्या पवित्र गोष्टीची काळजी आपण आमच्यापेक्षा जास्त करू नये. आमच्याकडे चौक ‘लिहितात’. धवलेरीची गाणी होतात, देवांना बोलावणे जाते, तेव्हा भिंतीवर देवी येते. कागदावर काढलेला चौक हे चित्र असते, ते आम्हीही विकतो आणि त्यात देवीचा अपमान होतो असे माझ्या आईला कधी वाटले नाही.

आमचे दुखणे वेगळे आहे. एका व्यापाऱ्याने माझ्या काकांचे चित्र एकदाच विकत घेतले आणि ते शेकडो चादरींवर छापले. काकांना एका चित्राचे पैसे मिळाले आणि चादरीवर नाव व्यापाऱ्याचे. वारली चित्राला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे, परंतु मानांकन जपते ते नावाला. दोन त्रिकोणांची शैली उचलून कोणी ‘आदिवासी छपाई’ म्हणून विकली, तर आम्ही काय करणार? शिवाय अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ज्या पाड्यावरून तालुक्याला यायला निम्मा दिवस जातो तिथल्या चित्रकाराला ती कागदपत्रे कोण करून देणार?

आणखी एक. आम्ही नेहमी तारपा आणि बैलगाडीच काढावी, अशी गिऱ्हाइकांची अपेक्षा असते. माझा धाकटा भाऊ आगगाडी, दगडखाणी आणि वाढवणचे बंदर काढतो. ‘हे खरे वारली नाही’ असे त्याला शहरातले लोक सांगतात. आमची ओळख आम्ही ठरवायची की गिऱ्हाइकाने?

मूळ धागाकर्तीचे उत्तर

चौकाबद्दलचे माझे विधान मी मागे घेते. जे ठरवणे माझ्या हाती नव्हते, ते मी ठरवायला निघाले होते. नावाबद्दल मात्र मी ठाम आहे. प्रतिसाद १ मध्ये शिकणे आणि विकणे या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. मुलीने शिकण्याला माझा कधीच विरोध नव्हता. तिला शिकवणारी व्यक्ती, तिने घेतलेले मानधन आणि तिने न सांगितलेली माहिती, यांना माझा विरोध आहे. पुढच्या शिबिरासाठी डहाणूच्या चित्रकारांना, तेही शक्यतो एखाद्या बाईला, प्रवासखर्च आणि पूर्ण मानधन देऊन बोलवावे, असे पत्र मी शाळेला आजच देते आहे.

प्रतिसाद १ कडून

पत्राला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तरीही नावावर मक्तेदारी हवी, हे मला अजून मान्य नाही. समाजाबाहेरच्या एखाद्याने पंधरा वर्षे पाड्यावर राहून, चित्रकाराच्या हाताखाली शिकून, त्यांच्या संमतीने चित्रे काढली आणि विकली, तर त्याने आपल्या चित्राला काय म्हणावे?

प्रतिसाद ३ कडून

त्याने ते ज्यांच्याकडे शिकला त्यांना विचारावे, आणि चित्राखाली स्वतःच्या नावाबरोबर त्यांचेही नाव लिहावे. माझी आई पंचवीस वर्षे लग्नांत चौक लिहिते आहे. शाळेने बोलावले तर ती येईल, मात्र भाताची कापणी आटोपल्यावर.