मदत हवी आहे: ६० हजारांत ३.१ होम थिएटरने (समोर तीन स्पीकर, एक सबवूफर) सुरुवात, सेंटर स्पीकर कसा निवडावा?

हॉल १० बाय १४ फूट, टीव्ही ५५ इंची आहेच. बजेट फक्त आवाजासाठी. सिनेमे जास्त, गाणी कमी, त्यामुळे संवाद स्वच्छ ऐकू येणं सगळ्यात महत्त्वाचं.

साउंडबार नको आहे. बहुतेकांत पुढे हवी तशी भर घालता येत नाही. ५.१ चा (पाच स्पीकर, एक सबवूफर) साधा एव्ही रिसीव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, घेऊन आत्ता पुढचे दोन बुकशेल्फ (छोटे स्पीकर), संवादांसाठी मधला सेंटर आणि बाससाठी ८ इंची सबवूफर लावायचा विचार आहे. मागचे दोन नंतर. वायर १६ गेजची, शुद्ध तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको.

टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरला पाठवायला टीव्हीला नवं ईआर्क नाही, जुनं साधं एआरसी आहे. ओटीटीचा डॉल्बी डिजिटल प्लस हा सराउंड आवाज त्यातून जातो, ब्ल्यू-रे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडेन, म्हणजे तिथे अडचण नाही.

खरा घोळ सेंटरचा. मनात भरलेला ४ ओहमचा आहे आणि रिसीव्हर किमान ६ ओहमच्या स्पीकरसाठी (ओहम कमी, तितका रिसीव्हरवर भार जास्त). मोठ्या आवाजात रिसीव्हर तापून बंद पडण्याची भीती वाटते. क्रॉसओव्हर (जिथून खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवला, खालचा भार सबवूफरवर टाकला, तर मध्यम आवाजात निभेल का? की पुढच्या बुकशेल्फच्याच मालिकेतला हा सेंटर सोडून दुसरा ८ ओहमचा घ्यावा? तसं केलं तर पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या आवाजाचा पोत मधेच बदलेल, ते मला खटकेल.

दुसरं, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि हलवता येत नाही. तिथे बास घुमतो. अशा खोलीत सबवूफर टीव्हीशेजारी ठेवावा की बाजूच्या भिंतीच्या मध्यावर?