तांडेल मामाकडून टीम लीडने काय शिकावं? (हर्णैच्या बोटीवरचे दोन दिवस)

बोट_लागलेला_पुणेकर:
मंडळी, गंमत म्हणून विचारतोय पण अर्धं सिरीयस आहे. नुकतंच मला टीम लीड केलं, आठ पोरं हाताखाली, आणि लगेच कंपनीने एका रिसॉर्टवर लीडरशिप ट्रेनिंगला पाठवलं, तिथे दोन दिवस डोळ्याला पट्टी बांधून एकमेकांच्या अंगावर पडलो आणि परत आलो. पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून हर्णैला मामाकडे गेलो. मामा ट्रॉलरवर तांडेल आहे, म्हणजे बोट नाखव्याची, मालकाची, पण एकदा बंदर सोडलं की शब्द मामाचा. म्हटलं मलाही न्या. पहिले सहा तास मला बोट लागलेली, त्यामुळे लीडरशिप वगैरे काही दिसलं नाही, फक्त बादली दिसली.

रात्री जाळं खाली खडकात अडकलं. मागून कोणी धरल्यासारखी बोट थांबली, मी पार घाबरलो. मामाने इंजिन कमी केलं, दोर ढिला सोडायला लावला, बोट सावकाश फिरवून उलट्या बाजूला आणली आणि तिकडून ओढून घेतलं. सुटलं, पण खालून चांगलं हातभर फाटून. कोणाला एक शिवी नाही. मग स्वतःच मांडी घालून खलाशांबरोबर जाळं शिवायला बसला. मी सवयीने विचारलं, मामा ह्याचा रूट कॉज काय? म्हणाला, "दगड."

नंतर उठून जीपीएसवर तिथे खूण टाकली. स्क्रीन अशा खुणांनी गोवर आल्यासारखी भरलेली. "हे सगळे माझे फाटलेले पैसे" म्हणाला आणि वायरलेसवर शेजारच्या बोटीलाही जागा सांगून टाकली. आमच्याकडे असं काही झालं की तीन मीटिंगा होतात आणि शेवटी टेस्टिंगवाल्या पोरीचं नाव निघतं.

तर प्रश्न असा की हे ऑफिसात चालतं का, की मी दोन दिवसांत उगाच भारावलोय?

अर्नाळ्याचा_बोंबील:
भारावलायस, पण चालेल. आमच्याकडे डोलीची मासेमारी, म्हणजे जाळं एका जागी पाण्यात बांधून ठेवायचं आणि भरती-ओहोटीचं पाणीच मासा आत आणून टाकतं. उधाणाला पाणी असं खेचतं की बोंबील, जवळा, मांदेली काढता काढता हात भरून येतात, झोप नाही, जेवण उभ्याने. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, पाणी मेलेलं, जाळं रिकामं. तेव्हा आमचे बाबा कोणालाही उगाच पळवत नाहीत, जाळी सुकवा, दोर बघा, घरी जाऊन झोपा. माझा मुंबईतला बॉस भांगालापण रोज सकाळी विचारतो आज किती आलं. अरे पाणीच नाहीये रे बाबा.

धक्क्यावरची_सून:
तुम्ही पुरुष बोटीवरच अडकलात. तांडेल समुद्रात वाघ असेल, धक्क्याला लागला की सासूबाईंपुढे मांजर. पैशाचा व्यवहार बायकांच्या हातात, लिलावात भाव काय मिळाला ते त्याला नंतर कळतं. सासूबाई टोपलीतली सुरमई उचलतात, कल्ला वर करून बघतात, बोटाने पोट दाबतात आणि पहिला प्रश्न, "बर्फ कोणी मारला?" तो खाली खणात वाकून बर्फाचे थर लावणारा पोरगा, त्याला बोटीवर कोणी विचारत नाही, पण त्याने कंटाळा केला तर तांडेलाची सगळी हुशारी सस्त्यात जाते. म्हणून सासूबाई त्याला नावाने हाक मारून वेगळे दोन बांगडे देतात. तुझ्या आठ जणांत बर्फ कोण मारतं ते आधी शोध.

वैतागलेला_नाखवा:
सगळं गोड गोड चाललंय म्हणून बोलतो. 1 जून ते 31 जुलै बंदी, बोटी वर ओढलेल्या, उत्पन्न शून्य, आणि त्याच काळात पुढच्या सीझनचे खलाशी धरायला ॲडव्हान्स द्यावा लागतो. मी दोघांना दिला. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला आणि ते दोघे शेजारच्या बंदरात दुसऱ्याच्या बोटीवर, त्याचापण ॲडव्हान्स घेऊन!! तुमच्या आयटीत नोटीस पिरियड तरी असतो. डिझेल, बर्फ, रेशन माझं, फेरी रिकामी आली तरी हे खर्च माझ्याच डोक्यावर. तांडेल थोर, खलाशी बिचारा, नाखवा मात्र कायम व्हिलन.

अर्नाळ्याचा_बोंबील:
@वैतागलेला_नाखवा दादा खर्च तुमचा मान्य, पण खर्च वजा करून उरलं तरच खलाशाला वाटा ना, रिकाम्या फेरीत त्याचीपण मजुरी बुडते. तांडेलाचा वाटा मोठा असतो पण त्याच टोपलीतून. आमच्या ऑफिसात "आपण सगळे एकाच नावेत आहोत" असं सांगणारा साहेब पगार वेगळ्याच बोटीतून घेतो.

बोट_लागलेला_पुणेकर:
@धक्क्यावरची_सून ताई, शोधलं. आमचा बर्फ मारणारा म्हणजे रात्री डेटाबेसचा बॅकअप बघणारा पोरगा, सहा महिन्यांत मी त्याच्याशी नीट बोललोच नव्हतो, आज चहाला घेऊन गेलो तर बिचारा घाबरला, त्याला वाटलं काढतायत.

आणि मामाला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. बाकी काही बोलला नाही, फक्त विचारलं की त्या पट्टी बांधायच्या ट्रेनिंगचे माणशी किती घेतात. आकडा सांगितला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "जेवण धरून?"