टेस्टमधून वर्तन सांगायला आरस्पेकचा एवढा पसारा लागतो का?

अनुस्वार (धागाकर्ता)

गेली नऊ वर्षं रुबी या प्रोग्रामिंग भाषेत काम करतोय. टेस्ट, म्हणजे प्रोग्राम बरोबर वागतो का हे तपासणारा कोड, लिहायला पहिली सहा वर्षं आरस्पेक हे साधन वापरलं, नंतरची तीन मिनिटेस्ट या दुसऱ्या साधनाची स्पेक पद्धत. माझं मत आता पक्कं झालंय, म्हणून मांडतो. प्रोग्रामने कसं वागायला हवं हे टेस्टमधून सांगायला ‘डिस्क्राइब’ (कशाबद्दल), ‘इट’ (एकेक अपेक्षित वर्तन), ‘बिफोर’ (आधीची तयारी) आणि मोजक्या अपेक्षा एवढं पुरतं. आरस्पेक त्यावर जे देतं, त्यातलं बरंचसं वाचणाऱ्याच्या आड येतं.

रुबीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: आरस्पेक 2005 मध्ये स्टीव्हन बेकर यांनी सुरू केलं. टेस्ट वाक्यासारखी वाचता यावी ही मूळ कल्पना, आणि ती रुबीवाल्यांना इतकी भावली की पुढे इतर भाषांनीही ‘डिस्क्राइब-इट’ची ही घडी उचलली. मिनिटेस्ट रायन डेव्हिस यांचं. रुबी 1.9 पासून ते रुबीसोबत येतं आणि त्यातच स्पेकचा एक पातळ थर आहे. तुम्ही ‘डिस्क्राइब’ लिहिलं की आत एक साधा क्लास (कोडचा एक गट) तयार होतो, ‘इट’ लिहिलं की त्या क्लासमध्ये एक साधी मेथड (एक काम करणारा तुकडा). बस. याहूनही लहान उदाहरण म्हणजे ख्रिश्चन नॉयकिर्शेन यांचं बेकन. साडेतीनशेपेक्षा कमी ओळींत त्यांनी आरस्पेकचा गाभा उतरवला, आणि पुढे रुबीत आयफोन ॲप बनवायच्या रुबीमोशन या साधनाने टेस्टसाठी त्याचीच एक आवृत्ती घेतली.

आता माझा अनुभव. एका पतसंस्थेचं ठेवींचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. एक वर्षाची एक लाखाची ठेव एका खातेदाराने सहा महिन्यांनी मोडली. नियम असा: जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर घ्यायचा आणि त्यातून एक टक्का दंड वजा करायचा. सहा महिन्यांचा दर 6 टक्के, म्हणजे 5 टक्क्यांनी 2,500 रुपये. आमच्या प्रोग्रामने 3,500 दिले. तो वर्षाचा 8 टक्के दर उचलत होता.

या नियमाची टेस्ट होती. हिरवी होती, म्हणजे पास होत होती. ‘मुदतीआधी मोडल्यास 2,500 व्याज द्यावे’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मग चूक सुटली कशी? फाईल नऊशे ओळींची. टेस्टमधला दर एका ‘लेट’मधून (‘इट’च्या बाहेर नाव देऊन ठेवलेली किंमत) येत होता, तो ‘लेट’ बाराव्या ओळीवर, त्याला मध्ये एका ‘कॉन्टेक्स्ट’ने (टेस्टच्या आतल्या गटाने) त्याच नावाची दुसरी किंमत देऊन झाकलेलं, आणि दरांचा तक्ता भरणारा भाग दुसऱ्याच फाईलमधल्या ‘शेअर्ड कॉन्टेक्स्ट’मध्ये (अनेक टेस्टची सामाईक तयारी). चार टॅब उघडे ठेवून अख्खी दुपार घालवल्यावर कळलं की सहा महिन्यांचा दर आणि वर्षाचा दर दोन्ही त्याच एका ‘लेट’वरून भरले जात होते. दोन्ही 6. प्रोग्रामने कुठलाही दर उचलला असता तरी टेस्ट हिरवीच राहिली असती.

तो भाग मी मिनिटेस्टमध्ये नव्याने लिहिला. प्रत्येक ‘इट’च्या आत ठेव, दोन्ही दर, तारखा, सगळं समोर. पुनरुक्ती झाली, होऊ दे. 8 आणि 6 हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि टेस्ट पहिल्याच फटक्यात लाल झाली. म्हणून म्हणतो, टेस्ट वरून खाली एका नजरेत वाचता आली पाहिजे. साधं साधन हाताशी असलं की हात आपोआप तसं लिहितो.

मुळाकाठ

अनुस्वार, तुमची हकिगत पटली, निष्कर्ष पटला नाही. ‘लेट’ मिनिटेस्टच्या स्पेकमध्येही आहे. काय तपासायचं ते एकदाच सांगून ठेवणारा ‘सब्जेक्ट’ही आहे. एकात एक ‘डिस्क्राइब’ घालून वरचा ‘लेट’ झाकायची सोय तिथेही तशीच आहे. तुम्ही नऊशे ओळींचा गुंता तिथेही करू शकला असता. केला नाहीत, कारण तोवर तुम्हाला ठेच लागली होती. त्याचं श्रेय मिनिटेस्टला देणं बरोबर नाही.

आता माझी ठेच सांगतो. आमच्या टीमने तीन वर्षांपूर्वी हलकं म्हणून मिनिटेस्ट घेतलं. एसएमएस पाठवणाऱ्या क्लासच्या जागी टेस्टमध्ये मिनिटेस्टचा मॉक, म्हणजे खऱ्याचं सोंग घेणारा तोतया, उभा केला होता. एका सहकाऱ्याने खऱ्या क्लासमधल्या मेथडचं नाव बदललं. मॉकला खऱ्या क्लासची काही खबर नसते, तो जुन्या नावाला हो म्हणत राहिला. सगळ्या टेस्ट हिरव्या, रिलीज गेला, आणि रात्रभर एकाही ग्राहकाला ओटीपी गेला नाही. मी पहाटे साडेतीनला जागा होतो, म्हणून हे विसरणं शक्य नाही.

आरस्पेक 3 आलं 2014 मध्ये, त्यात ‘इन्स्टन्स डबल’ हा खऱ्या क्लासशी पडताळून बघणारा तोतया आला. खऱ्या क्लासमध्ये ती मेथड नसेल, किंवा आर्ग्युमेंटची (मेथडला द्यायच्या किमतींची) संख्या जुळत नसेल, तर टेस्ट तिथेच पडते. ज्याला तुम्ही पसारा म्हणता त्यात हे येतं. टेस्ट एकामागोमाग चालवताना कुठली टेस्ट कुठलीला बिघडवते हे शोधायला ‘बायसेक्ट’ही आरस्पेकमध्येच आहे, मिनिटेस्टला त्यासाठी बराच काळ वेगळं जेम (रुबीचं जोड पॅकेज) लागायचं. माझ्या टीममध्ये दर सहा महिन्यांनी नवी मुलं येतात. त्यांच्या चुका पकडणारं जाळं मला साधनातच हवंय. सगळ्यांची शिस्त सारखी असेल यावर मी विसंबून राहू शकत नाही.

क्यूए_ताई

दोघांचं वाचलं. दोघंही प्रोग्रामरने प्रोग्रामरसाठी लिहिलेल्या टेस्टबद्दल बोलताय, आणि मला नेमकं तिथेच अडतंय. प्रोग्रामर डॅन नॉर्थ यांनी 2003 च्या सुमारास टेस्टमधून वर्तन सांगण्याचा हा विचार मांडायला सुरुवात केली तेव्हा प्रश्न असा होता की शिकणाऱ्याला टेस्ट कुठून सुरू करायची, काय तपासायचं, टेस्टला नाव काय द्यायचं हे कळत नाही. ‘टेस्ट’ऐवजी ‘वर्तन’ म्हटलं की या प्रश्नांची उत्तरं सोपी होतात, आणि मग ज्याचा धंदा आहे त्या माणसाशी त्याच्याच शब्दांत बोलता येतं. ‘गिव्हन-व्हेन-देन’ (आधीची स्थिती, घटना, परिणाम) ही मांडणी त्यातून आली. पुढे 2008 मध्ये अस्लाक हेलेसॉय यांनी कुकंबर हे साधन आणलं ते याचसाठी.

आणि कुकंबरमध्ये साध्या वाक्यांत टेस्ट लिहायची गर्किन भाषा मराठीत लिहिता येते, हे इथे कितीजणांना माहीत आहे? फाईलच्या पहिल्या ओळीत भाषेचा संकेत द्यायचा, की पुढचे मुख्य शब्द मराठी. अनुस्वार यांचीच ठेव घेते:

वैशिष्ट्य: मुदतीआधी ठेव मोडणे
परिदृश्य: वर्षाची ठेव सहा महिन्यांनी मोडली
जर 1,00,000 रुपयांची ठेव 1 वर्षासाठी 8 टक्के दराने ठेवली आहे
आणि 6 महिन्यांचा दर 6 टक्के आहे
जेव्हा खातेदार 6 महिन्यांनी ठेव मोडतो
तेव्हा त्याला 2,500 रुपये व्याज मिळते

हे पतसंस्थेच्या मॅनेजरसमोर ठेवा. ती ‘आणि’च्या ओळीवर बोट ठेवून विचारेल, “6 टक्के कधीचा दर? ठेव ठेवली त्या दिवशीचा, की मोडली त्या दिवशीचा?” हा प्रश्न तुमच्या ‘इट’मधून कधीच निघणार नाही, कारण ती फाईल तिच्यापर्यंत पोचणारच नाही.

एक तक्रार मलाही आहे. ‘गिव्हन’साठी ‘जर’ हा शब्द बरोबर बसत नाही. ‘जर’ म्हटलं की कान ‘तर’ची वाट बघतो, आणि इथे तर गोष्ट घडून गेलेली असते. पण मॅनेजर अडखळत नाहीत, मी बघितलंय.

निशाचर

ताई, मराठी गर्किन वाचायला छान वाटतं. पण त्या प्रत्येक ओळीमागे एक स्टेप, म्हणजे ती ओळ प्रत्यक्ष चालवणारा कोड, लिहावी लागते, आणि ती कुणाला तरी सांभाळावी लागते. ‘ठेव मोडतो’ आणि ‘ठेव बंद करतो’ अशा दोन ओळी दोघांनी लिहिल्या की दोन स्टेप. दोन वर्षं आम्ही हे केलं. गर्किनच्या फीचर फाईल उघडणारे सगळे डेव्हलपरच होते. धंद्याच्या बाजूचा एकही माणूस फिरकला नाही. शेवटी सगळं काढून टाकलं आणि कुणालाही त्याची उणीव भासली नाही.

क्यूए_ताई

निशाचर, तुमच्याकडे फाईल लिहिली गेली, संवाद झाला नाही. आधी बसून बोलायचं आणि मग लिहायचं. आधी लिहून मग कुणीतरी वाचेल म्हणून वाट बघायची नसते.

अनुस्वार

मुळाकाठ, ‘लेट’बद्दल तुम्ही बरोबर आहात. आमच्या टीमने तो न वापरण्याचा नियम केलाय, आणि तो नियम आरस्पेकमध्येही करता आला असता. एवढं मी मागे घेतो. पण टॅगवरून आपोआप चालणारे हुक (टेस्टच्या आधी-नंतर चालणारा कोड), दुसऱ्या फाईलमधून येणारी ‘शेअर्ड एक्झाम्पल्स’ (सामाईक टेस्ट), हे मिनिटेस्टमध्ये त्या रूपात नाही. काही सामाईक करायचं असेल तर साधं रुबीचं मॉड्यूल लिहायचं आणि क्लासमध्ये आणायचं. नवख्या मुलाला रुबी येत असेल तर ते कळतं, वेगळी भाषा शिकावी लागत नाही. आणि शिस्तीचं म्हणाल तर मिनिटेस्ट टेस्ट मुळातच उलटसुलट क्रमाने चालवतं. आरस्पेकमध्ये ते तुम्हाला सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. एकमेकींवर अवलंबून असलेल्या टेस्ट त्यामुळे पहिल्या आठवड्यातच उघड्या पडतात.

मॉकचं मात्र खरं आहे. मिनिटेस्टचा ‘स्टब’ (खऱ्या ऑब्जेक्टची एखादी मेथड तात्पुरती बदलणारा) त्यावर नसलेली मेथड झाकू देत नाही, तिथे एरर येते. पण ‘मॉक’ तपासत नाही, हे तुमच्या रात्रीने सिद्धच केलंय. मी एसएमएससारख्या गोष्टीसाठी मॉक ठेवतच नाही. खऱ्या क्लाससारखाच एक छोटा खोटा क्लास लिहितो आणि दोघांवर तीच एक टेस्ट चालवतो. ते काम जास्त आहे, मान्य.

ताई, तुमच्याशी माझं भांडण कमी आहे. डॅन नॉर्थ यांच्या विचाराची ठिणगी कुठे पडली ते आठवा. त्यांच्या एका सहकाऱ्याचं ॲजाइलडॉक्स नावाचं चिमुकलं साधन होतं. ते टेस्टच्या मेथडची नावं घ्यायचं, त्यातले शब्द सुटे करायचं आणि साधी वाक्यं छापायचं, एवढंच. ती वाक्यं धंद्याच्या भाषेत लिहिलेली असली की धंद्याची माणसं ती वाचायची. म्हणजे मुळात वाक्य होतं, आणि ते छापायला अगदी लहान साधन पुरलं. मीही तेच करतो. ‘इट’ची वाक्यं कागदावर छापून मॅनेजरबाईंना दिली. दर कुठल्या दिवशीचा हा प्रश्न त्यांनी तो कागद बघूनच विचारला होता. उत्तर होतं, ठेव ठेवली त्या दिवशीचा.

मुळाकाठ

छापता कसे? मिनिटेस्ट नावांपुढे ‘टेस्ट 0001’ असा क्रमांक चिकटवतं, आणि नीट छापायला तुम्हाला आणखी एक जेम घ्यावं लागलं असणार. आरस्पेक एका पर्यायाने अख्खी यादी गटागटाने मांडून देतं.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो आरस्पेकलाही लागू होतो. ‘इट’चं वाक्य कुणीच तपासत नाही. वाक्यात 2,500 लिहा आणि आत 3,500 तपासा, टेस्ट हिरवी. ताईंच्या पद्धतीत ओळीतला आकडा स्टेपमध्ये उतरतो आणि तोच तपासला जातो, म्हणजे निदान आकडा तरी खोटा पडत नाही. तुम्ही मॅनेजरबाईंना वाक्यं दिलीत. त्या वाक्यांखाली तेच तपासलं जातंय याची खात्री त्यांना कुणी दिली?

अनुस्वार

या प्रश्नाने मला दोन दिवस झोपू दिलं नाही. शनिवारी एका सहकाऱ्याला घेऊन बसलो. त्याने ‘इट’चं वाक्य मोठ्याने वाचायचं, मी फक्त आतला कोड बघायचा आणि जुळत असेल तर ‘हो’ म्हणायचं. ठेवींच्या सगळ्या फाईल संपायला साडेतीन तास लागले. दोन वाक्यं खोटी निघाली. एकात ‘दंड आकारू नये’ असं होतं आणि आत दंडाची रक्कम तपासलीच नव्हती, फक्त एरर येत नाही एवढंच बघितलं होतं. दुसरं माझंच होतं: ‘मुदत संपल्यावर पूर्ण दराने व्याज द्यावे’. आत ठेव मोडण्याची तारीख मुदतीच्या एक दिवस आधीची होती. आणि टेस्ट हिरवी होती, म्हणजे प्रोग्राम एक दिवस आधीही पूर्ण दर देत होता.

दोन्ही दुरुस्त केली, प्रोग्रामही. आकडा आणि तारीख यापुढे वाक्यात हाताने लिहायची नाही, आतल्या त्याच किमतीवरून वाक्य बनवायचं, असं ठरवलंय. ‘इट’ला साधी स्ट्रिंग (मजकूर) लागते, तेव्हा एका लूपमध्ये हे होतं, त्यासाठी कुकंबर लागत नाही. आरस्पेककडे परत जात नाही, पण तुमचा आक्षेप मी पूर्ण घेतला.

ताई, त्या बैठकीत एक प्रश्न निघाला, त्याचं वाक्य आम्हा दोघांनाही लिहिता आलं नाही: मुदत रविवारी संपली आणि खातेदार सोमवारी आला, तर त्या एका दिवसाचं व्याज कुठल्या दराने? सोमवारी मॅनेजरबाईंकडे जातोय. तुमचं गर्किन छापून नेतो, ‘जर’सकट.

क्यूए_ताई

रविवारला जोडून सोमवारीही सुट्टी आली तर काय, तेही विचारा. आणि उत्तर इथे टाका.