जुनी जीप: खड्डा लागला की स्टेअरिंग थरथरतं, डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा दांडा) बदलू का?

लोगिअर: पुढे सरळ एक्सल, पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग), किंगपिनवाले नकल (नकल म्हणजे चाक वळवणारा जोड, किंगपिन त्याचा बिजागरीसारखा खिळा). ताशी 55-60 ला एका चाकाला खड्डा लागला की स्टेअरिंग हातातून सुटेल इतकं हलतं, गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत शांत होत नाही. चाकं बॅलन्स केली, हवा बरोबर आहे. उंचीसाठी पुढचे शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) 40 मिमी लांब टाकलेत. जाड डॅम्पर बसवला तर जाईल का?

चिखलमाती: डॅम्परने दुखणं झाकलं जाईल, जाणार नाही. उलट तो काढून ठेवा, म्हणजे ढिलाई लगेच हाताला लागेल.

गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने टायरॉड (दोन चाकं जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा) यांच्या प्रत्येक एंडवर, म्हणजे टोकाच्या सांध्यावर, बोटं ठेवायची. टक् लागलं तो एंड गेला. स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट आणि तिथला पत्रा चिरलाय का, हेही तेव्हाच बघा.

मग एक्सल जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. चाक वरून-खालून धरून हलवा. हललं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर हबचं बेअरिंग ढिलं, तरीही हललं तर किंगपिन. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम वाचतं.

हब ढिलं असेल तर चाक फिरवत आतला नट जड होईपर्यंत आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे. लॉक वॉशर, बाहेरचा नट. बाहेरचा आवळल्यावर प्ले (ढिलाई) बदलतो, म्हणून पुन्हा तपासा. लोक इथेच चुकतात.

शिमवाला: दोष किंगपिनचा निघालाच तर आधी बेअरिंगच्या कपात (बाहेरच्या रिंगमध्ये) रोलरचे खड्डे पडलेत का बघा. पडले असतील तर शिमा (कॅपखालच्या पातळ चकत्या) काढून उपयोग नाही, स्टेअरिंग मध्यावर अडकायला लागेल. कप चांगला असेल तर वरच्या आणि खालच्या कॅपखालून सारख्याच जाडीच्या शिमा कमी करा, नाहीतर नकल मध्यातून सरकतो. प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण) मोजताना टायरॉड सुटा, नकलचं सील काढलेलं, आणि टायरॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून ओढायचं. आकडा त्या एक्सलच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

लोगिअर: ब्रेक दाबूनही डावं चाक हलतंय. म्हणजे किंगपिन. शॅकलचा काही संबंध?

चिखलमाती: शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर नक्कीच. लांब शॅकलने पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे कलतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि चाकं सरळ यायला कंटाळतात. एक्सल आणि पाट्यामध्ये कॅस्टरची पाचर टाका, जाड बाजू कुठे हे अँगल मोजूनच ठरवा. यू-बोल्ट नवेच घ्या.

टो-इन (चाकं पुढून किंचित आत) सगळ्यात शेवटी. हबच्या उंचीला टायरचं पुढचं अंतर मागच्यापेक्षा 2-3 मिमी कमी. कॅसल नटची (खाचांच्या नटाची) खाच भोकाशी जुळत नसेल तर पुढेच आवळा, स्प्लिट पिनसाठी मागे सोडू नका.