समुद्रतळाशी माणूस उतरावा की यंत्र?

ध्रुवमत्स्य
२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले आणि अवघ्या २६ किलो वजनाच्या ‘प्रज्ञान’ या फिरत्या यंत्रगाडीने शंभरेक मीटर फिरून तिथल्या मातीत गंधक असल्याची खात्री करून दिली. त्यासाठी एकाही माणसाचा जीव टांगणीला लागला नाही. मग भारताच्या ‘समुद्रयान’ मोहिमेत ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीतून तिघांना सहा हजार मीटर खोल पाठवण्याचा आग्रह कशासाठी? त्या खोलीवरचा दाब पृष्ठभागाच्या सुमारे सहाशे पट असतो. तो सोसणारा २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल, आतला प्राणवायू, आणीबाणीसाठी ९६ तासांची तरतूद, हा सारा खटाटोप माणसाला जिवंत ठेवण्यासाठी आहे. समुद्र पाहण्यासाठी नव्हे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे ‘रोसब ६०००’ हे केबलवर चालणारे यंत्र २०१० मध्येच ५,२८९ मीटरपर्यंत जाऊन आले आहे. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेल्या पाणबुडीतले पाच जण क्षणात गेले, हे आपण विसरता कामा नये.

शिंपला
चंद्राचा दाखला समुद्राला लागू पडत नाही. चंद्रावरचा संदेश आपल्यापर्यंत सव्वा सेकंदात पोचतो. खाऱ्या पाण्यात मात्र रेडिओलहरी लगेच विरतात. उरतो ध्वनी, आणि सहा किलोमीटर वर यायला त्याला चार सेकंद लागतात, शिवाय त्यावरून स्पष्ट चलच्चित्र पाठवणे कठीण. म्हणून केबल लागते, आणि केबल आली की जहाजाचा प्रत्येक हेलकावा सांभाळणे आले.

त्या अपघातग्रस्त पाणबुडीचे कवच कार्बन तंतूंचे होते. तुलना करायचीच तर अमेरिकेच्या ‘अल्विन’ या पाणबुडीशी करावी: १९६४ पासून पाच हजारांहून अधिक बुड्या आणि एकही मृत्यू नाही. माणसाच्या नजरेचे मोल सांगायचे, तर डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांना करड्या धुळीत चालताना पायाखाली नारिंगी माती दिसली आणि ते जागीच थांबले. ती प्राचीन ज्वालामुखीतून उडालेल्या काचेच्या बारीक मण्यांची निघाली. त्या मातीकडे पाहा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

गाळवाचक
१९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोल उष्णजलाचे झरे सापडले, त्याचे श्रेय सगळेच ‘अल्विन’ला देतात. प्रत्यक्षात आधी ‘अँगस’ नावाचा निर्मनुष्य कॅमेरा तळावरून ओढत नेला होता. तापमान किंचित वाढल्याची नोंद झाली त्या वेळची छायाचित्रे काढून पाहिली, तेव्हा सुमारे तीन हजारांपैकी तेरांमध्ये पांढऱ्या शिंपल्यांची दाटी दिसली. उरलेल्या चौकटींत नुसता काळा लाव्हा होता. माणसे दुसऱ्या दिवशी उतरली, तीही यंत्राने दाखवलेल्या जागी.

शिंपला
ती तेरा छायाचित्रे यंत्राने टिपली, हे मान्य. परंतु सूर्यप्रकाशाविना, गंधकयुक्त पाण्यावर जगणाऱ्या जिवाणूंच्या आधाराने एक अख्खी वसाहत नांदते, हे उमगायला नमुने हाती यावे लागले, आणि ते ‘अल्विन’मध्ये बसलेल्यांनी यांत्रिक हाताने जागेवर निवडून उचलले.

ध्रुवमत्स्य
शिंपला, निवडीचा मुद्दा मला पटतो. तरीही आपल्या गरजेचा आवाका पाहा. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागरातून बहुधातू खड्यांचा, म्हणजे तळावर पडलेल्या मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट अशा धातूंच्या गोट्यांचा, भारताचा पहिला नमुना वर काढला. गोव्यात असा एक खडा मी हातात घेतला आहे: बटाट्याएवढा, काळाकुट्ट, बोटांवर काजळी उतरवणारा. तो दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. या खड्यांच्या शोधासाठी मध्य हिंदी महासागरात आपल्या वाट्याला आलेले क्षेत्र ७५,००० चौरस किलोमीटर आहे. बारा तासांच्या बुडीत तिघे त्यातले किती पाहणार? तिथे महिनोन्‌महिने फिरणारी स्वयंचलित यंत्रेच हवीत.

शिंपला
मोजणी यंत्रांनीच करावी, यात वाद नाही. मात्र मऊ गाळाच्या त्या पसाऱ्यात स्पंज आणि प्रवाळ या खड्यांनाच चिकटून वाढतात, कारण घट्ट आधार दुसरा नाही. खडे उपसले की त्यांचे घर गेले, आणि ते लाखो वर्षे परत येणार नाही. असे क्षेत्र खणायला मोकळे करावे की नाही, यावर सही करणाऱ्यांपैकी एकाने तरी आधी खाली जाऊन ते डोळ्यांनी पाहिलेले असावे, एवढेच माझे मागणे आहे.