विषाणूशिवाय जनुकोपचार: यकृतात जमलं, हृदयाचं काय?

पानगळ
'लिपिड कणांनी विषाणूंची गरज संपवली, पाच वर्षांत बायपासऐवजी एक सलाईन लावतील' ही कालची पोस्ट वाचली आणि गप्प बसवेना. हे कण म्हणजे आरएनए किंवा डीएनए पेशीत नेणारे चरबीचे सूक्ष्म गोळे, विषाणूऐवजीचं वाहन. शिरेतून दिल्यावर ते हृदयात पुरेसे पोचतच नाहीत. रक्तात शिरल्यावर त्यांच्यावरचा पेग-लिपिडचा संरक्षक थर सुटतो, एपोई हे रक्तातलं प्रथिन चिकटतं आणि यकृताच्या पेशी एलडीएल रिसेप्टरवाटे ('वाईट' कोलेस्टेरॉल पकडणाऱ्या प्रथिनावाटे) त्यांना आत ओढतात. यकृताच्या केशवाहिन्यांना भोकं असतात, त्यातून ८०-१०० नॅनोमीटरचा कण सहज पार होतो. हृदयातल्या केशवाहिन्यांचं अस्तर मात्र अखंड. कण पेशीत शिरला तरी एंडोसोममधून (गिळताना पेशीने त्याच्याभोवती केलेल्या पिशवीतून) जेमतेम १-२ टक्के आरएनए सुटतो. प्लाझ्मिडची, म्हणजे जनुक नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाची, अडचण याहून मोठी. त्याला केंद्रकात जायचं असतं, आणि प्रौढ हृदयाच्या स्नायुपेशी जवळजवळ विभागतच नाहीत, त्यामुळे केंद्रकाचं आवरण उघडण्याची संधीच येत नाही. उंदराच्या चमकणाऱ्या यकृताचा फोटो लावून हृदयरोग्यांना आशा दाखवू नका.

खडीसाखर
हृदयरोग म्हणजे फक्त हृदयाचा स्नायू का? धमन्या तुंबतात एलडीएलने आणि एलडीएलचा कारभार यकृतात चालतो. तिथे पोचणं हाच उपचार आहे. इन्क्लिसिरान या एलडीएल उतरवणाऱ्या औषधाला तर कणसुद्धा लागत नाही. त्यातल्या एसआयआरएनएला (जनुकाचा संदेश बंद पाडणाऱ्या छोट्या आरएनएला) यकृताच्या पेशी ओळखतात ती गॅलनॅक साखर जोडलेली असते. २८४ मिलिग्रॅम त्वचेखाली, पहिल्या दिवशी, तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. आणि व्हर्व्ह-१०२ या प्रायोगिक औषधात लिपिड कणांतून बेस एडिटरचा (डीएनएचं एक अक्षर बदलणाऱ्या प्रथिनाचा) एमआरएनए व त्याला जागा दाखवणारा गाइड आरएनए देऊन एलडीएल वाढवणारं पीसीएसके९ जनुक कायमचं बंद करतात. २०२५ च्या पहिल्या आकड्यांत किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या गटात एलडीएल सरासरी ५३ टक्के उतरलं, एकाच सलाईनमध्ये.

पानगळ
त्याआधीचं व्हर्व्ह-१०१ का थांबलं तेही लिहा ना! २०२४ मध्ये यकृताची एन्झाइम्स चढली, प्लेटलेट्स घसरल्या. १०२ मध्ये एडिटर तोच, गाइड तोच, बदललं फक्त लिपिड आणि वर गॅलनॅक जोडलं. ज्यांच्यात एलडीएल रिसेप्टरच नाही त्यांच्या यकृतात एपोईच्या रस्त्याने कण शिरत नाही, म्हणून ही दुसरी वाट. म्हणजे त्रास वाहनाचा होता. पॅटिसिरान हे लिपिड कणांतलं आरएनए औषध दर तीन आठवड्यांनी देताना तासभर आधी डेक्सामेथासोन, पॅरासिटामॉल, एच-१ आणि एच-२ ब्लॉकर (हिस्टामिन रोखणारी औषधं) द्यावे लागतात, ते याच कणांच्या प्रतिक्रियेसाठी. शिवाय एलडीएल उतरवलं म्हणून आधीच तुंबलेली धमनी मोकळी होत नाही, बायपास टळत नाही.

कोरडवाहू
दोघंही शिरेतल्या सुईवर अडकलात. एपिक्युअर या हृदयावरच्या चाचणीत लिपिड वापरलंच नव्हतं. व्हीईजीएफ-ए या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचा नुसता एमआरएनए, सायट्रेट बफरच्या सलाईनमध्ये, बायपास चालू असताना हृदयाच्या बाहेरून ३० ठिकाणी टोचला. एकूण मात्रा ३ मिलिग्रॅम. जागा आधी ठरवतात: स्नायू जिवंत हवा पण रक्तपुरवठा कमी. मेलेल्या स्नायूच्या वणात टोचलं तर प्रथिन बनवणारी पेशीच नसते. सुई झटकन उपसली तर ठोक्याच्या दाबाने द्रव बाहेर येतो. सायट्रेट कॅल्शियम बांधतो, नुसत्या एमआरएनएचं शोषण त्यात चांगलं होतं. प्रथिन काही दिवस बनून थांबतं, आणि व्हीईजीएफला तेच हवं. सतत बनत राहिलं तर गळक्या, गाठाळ रक्तवाहिन्या होतात.

पानगळ
एपिक्युअरचे रुग्ण एकूण ११. सात औषधाचे, चार प्लासिबोचे (औषध नसलेल्या इंजेक्शनचे), आणि सगळ्यांचा बायपास झालेला. सुरक्षित दिसलं, एवढंच म्हणता येतं. पायातल्या रक्तवाहिन्यांचं आठवतंय ना? रक्तवाहिन्या वाढवणारं जनुक नेणाऱ्या एनव्ही१एफजीएफ प्लाझ्मिडच्या टॅलिसमन चाचणीत १२५ रुग्ण. जखम भरण्यात फरक नव्हता, पण पाय कापण्याचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. त्यावर टॅमॅरिस ही मोठी चाचणी उभी केली, ५२५ रुग्ण, आठ-आठ इंजेक्शनं, चार वेळा. वर्षभरात अवयवच्छेद किंवा मृत्यू दोन्ही गटांत साधारण तिघांत एकाला.

नांगरधरा
एका टॅमॅरिसवर सगळे प्लाझ्मिड निकाली काढू नका. जपानने २०१९ मध्ये एचजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचं प्लाझ्मिड, कोलॅटेजीन, सशर्त मंजूर केलं ते पायाच्या व्रणांसाठी. ज्याची धमनी ना फुग्याने उघडते ना बायपासने, त्याला दुसरं काय देणार होतात?

पानगळ
कोलॅटेजीनचा शेवट लिहायचा राहिला तुमचा. बाजारात आल्यावर मोठ्या गटात तो फायदा पुन्हा दिसला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने पूर्ण मंजुरीचा अर्ज मागे घेतला. पाच वर्षं एका कुपीला सहा लाख येन! सडलेला भाग काढणं, जखमेवरचा भार कमी करणं, संसर्ग आवरणं, साखर ताब्यात ठेवणं, एवढ्यानेही व्रण भरतात. प्लासिबो गट नसेल तर श्रेय कुणाचं हे कळणार कसं?

नांगरधरा
आणि पाच वर्षं कुणालाच काही न देता नव्या चाचणीची वाट बघायची? पाय तोवर थांबत नाही. व्रणाच्या रुग्णाला तुमचं शास्त्र ऐकवून पाठवणार का?

कोरडवाहू
आवाज कमी करा दोघंही. सशर्त मंजुरीत तुलनेचा गट पहिल्या दिवसापासून सक्तीचा हवा, इथे पानगळ बरोबर आहेत, मला आवडत नसलं तरी. पण प्लाझ्मिड का हरला ते कुणी लिहीत नाही. आठ टोचण्यांनी भिजतो तो सुईभोवतीचा थोडासा स्नायू. बाकी पोटरी कोरडीच. गुंता मात्रेचा आणि पसरण्याचा आहे.

खडीसाखर
मग पसरवण्यासाठी सूक्ष्म बुडबुडे आणि अल्ट्रासाऊंड का नाही? बुडबुडा फुटला की केशवाहिनीचं अस्तर क्षणभर उघडतं.

कोरडवाहू
उघडतं, पण ऊर्जा वाढवली की केशवाहिनी फुटते आणि हृदयात जादा ठोके पडतात. कमी केली तर प्लाझ्मिड बाहेरच राहतो. मधली पट्टी अरुंद आहे.

आणि हृदयात टोचण्यासाठी कण बनवणाऱ्या मंडळींनी ते पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) गोठवणं बंद करावं. डायसोडियम फॉस्फेटचे स्फटिक होतात, आम्लता वाढते, कण एकमेकांना चिकटतात. ट्रिस बफर आणि ८-१० टक्के सुक्रोज घ्या. वितळल्यावर आकार आणि कणांत किती आरएनए टिकला (रायबोग्रीन चाचणी) हे पुन्हा मोजा. आधी ८५ नॅनोमीटर असलेला कण १५० ला गेला असेल तर ती खेप फेकून द्या, टोचू नका. पुण्याच्या जेनोव्हाने एमआरएनए लस वाळवून २ ते ८ अंशांवर टिकवली. ती वाट इथेही तपासायला हवी.

पानगळ
तपासा, जरूर तपासा. फक्त डुकराच्या हृदयात, आणि त्याच दिवशी त्याच्या यकृतातही मोजा. हृदयात टोचलेल्या लिपिड कणांतला वाटा यकृतात गेला की नाही, हा तक्ता ज्या लेखात नाही त्यावर मी पुढे चर्चा करणार नाही.